कासवांची वही आणि स्वित्झर्लंडची यादी

देवगड तालुक्यातल्या एका तरुणाने विचारलं आहे: "आमच्या पुळणीवर दरवर्षी आठ-दहा कासवं अंडी घालायला येतात. मागे खाजणात चिपीचं, म्हणजे कांदळवनाचं, चांगलं रान आहे. डब्ल्यूडब्ल्यूएफसारख्या एखाद्या आंतरराष्ट्रीय संस्थेला पत्र लिहून आमच्या गावात आणता येईल का? आणि या संस्था नेमकं करतात तरी काय?"

ईमेलला पैसे पडत नाहीत, तेव्हा पाठवायचं तर पाठवा. पण उत्तराची वाट बघत नोव्हेंबर घालवू नका, कारण त्याच सुमारास तुमचा हंगाम सुरू होतो.

मी वीसेक वर्षं रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर कासवांच्या आणि कांदळवनांच्या कामात आहे. परदेशी पाहुण्यांबरोबर गुडघाभर चिखलात उभा राहिलो आहे, त्यांचे फॉर्म भरले आहेत, एकदा त्यांचे पैसे परतही केले आहेत. ती गोष्ट पुढे येईलच. आधी तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण तो नीट सुटला की पहिल्याचं उत्तर तुमचं तुम्हालाच मिळेल.

'आंतरराष्ट्रीय संस्था' म्हणून आपण सगळ्यांना एकाच पाटीत ओततो. त्यात बांगडाही असतो, कोळंबीही असते आणि दगडही असतात. तुमच्या डोक्यातला तो पांडा डब्ल्यूडब्ल्यूएफचा. ती १९६१ ची, आणि सुरुवातीला तिचं काम मुख्यतः निसर्गरक्षणासाठी पैसा उभा करण्याचं होतं. भारतातली तिची शाखा १९६९ ची. ग्रीनपीस १९७१ मध्ये कॅनडातल्या व्हँकूव्हरला जन्मली. ती लढणारी, मोहिमा काढणारी संस्था; तिच्याकडून घरट्याभोवती कुंपण घालून मिळण्याची अपेक्षा ठेवू नये. नैरोबीचा यूएनईपी हा पर्यावरण कार्यक्रम तर संयुक्त राष्ट्रांचाच भाग, म्हणजे सरकारांचा. मुंबईची बीएनएचएस, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, १८८३ पासूनची आपली घरची संस्था, पण पक्ष्यांच्या कामात ती बर्डलाइफ इंटरनॅशनल या जागतिक जाळ्याची भारतातली भागीदार आहे. म्हणजे कधीकधी आंतरराष्ट्रीय संस्था फोर्टात, काळ्या घोड्याजवळच बसलेली असते आणि आपण पत्र स्वित्झर्लंडला लिहीत बसतो.

यातली एक मात्र तुमच्या कामाशी थेट बांधलेली आहे, आणि तिचं नाव गावात कोणी घेत नाही. आययूसीएन, म्हणजे आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघ. ती १९४८ मध्ये फ्रान्समधल्या फाँतेनब्लो इथे स्थापन झाली आणि आज तिची मुख्य कचेरी स्वित्झर्लंडमध्ये, जिनेव्हा सरोवराकाठच्या ग्लांड नावाच्या छोट्या गावात आहे. तिची सभासद सरकारंही आहेत आणि बिनसरकारी संस्थाही, हे तिचं वेगळेपण. १९६४ पासून ती 'लाल यादी' ठेवते: कुठला जीव किती संकटात आहे, त्याची. आपल्याकडे येणारं ऑलिव्ह रिडले कासव या यादीत 'व्हल्नरेबल' आहे. नामशेष होण्याच्या धोक्याच्या तीन पायऱ्या मानल्या तर ही पहिली, सगळ्यात खालची.

यादीला पोलीस नसतात. तुमच्या पुळणीवर कोणी अंडी उकरली तर ग्लांडहून कोणी येणार नाही. तिथे चालतो आपला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा, आणि येतो वनखात्याचा वनरक्षक, तोही त्याच्या दुचाकीत पेट्रोल असेल तर. पण पैसे देणारा, कायदा करणारा, रस्ता आखणारा, प्रत्येक जण निर्णयाआधी ती यादी उघडून बघतो. आणि ती भरते कशी? जगभरातले तज्ज्ञ, बहुतेक बिनपगारी, आपापल्या भागातल्या नोंदी गोळा करून मांडतात तेव्हा. कासवांसाठी त्यांचा वेगळा गट आहे. त्या नोंदींच्या तळाशी कुठेतरी एक माणूस पहाटे किनाऱ्यावर चालत असतो आणि वहीत लिहीत असतो. तो माणूस तुम्ही व्हायचं आहे. संस्था गावात आणण्याआधी गाव त्यांच्या कागदावर आलं पाहिजे.

वेळासचंच बघा. मंडणगड तालुक्यातलं हे गाव आज कासव महोत्सवामुळे पुण्या-मुंबईच्या लोकांना पाठ आहे. काम सुरू झालं २००२ मध्ये, आणि सुरू केलं ते चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने, भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. पांडा नव्हता, डॉलर नव्हते. अंडी चोरणाऱ्यांना आणि कुत्र्या-कोल्ह्यांना अंडी सापडण्याआधी ती उचलायची, कुंपणाच्या हॅचरीत तशाच खोलीचा खड्डा करून पुरायची, दीडेक महिन्याने पिल्लं वर आली की मोजून समुद्राकडे सोडायची. २००६ पासून महोत्सव सुरू झाला, पाहुणे गावातल्याच घरांत राहू-जेवू लागले, आणि अंड्यांपेक्षा पिल्लांत जास्त पैसा आहे हे घराघरात कळलं. मग आंजर्ले, दाभोळ, गुहागर अशा गावांत कासवमित्र तयार झाले. वीस वर्षांच्या नोंदी जमल्यावर जानेवारी-फेब्रुवारी २०२२ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेचे शास्त्रज्ञ आणि राज्याचं कांदळवन प्रतिष्ठान यांनी आपल्या किनाऱ्यावर पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर बसवले. पहिलीचं नावच प्रथमा ठेवलं, ती वेळासची. उपग्रह आला तो वहीच्या मागून.

तोवर आम्ही समजत होतो की आमची कासवं आमची. २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या वल्ह्यासारख्या पायाला धातूची पट्टी सापडली. ती पट्टी २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर लावलेली होती! म्हणजे बाई बंगालच्या उपसागरातून, बहुधा लंकेला वळसा घालून, अरबी समुद्रात आल्या होत्या. असा जीव कुठल्या एका तालुक्याच्या, राज्याच्या, देशाच्यासुद्धा हातात मावत नाही, आणि आंतरराष्ट्रीय करारांची खरी गरज इथे लागते. स्थलांतरित प्राण्यांचा १९७९ चा बॉन करार, वन्यजीवांच्या व्यापारावरचा १९७३ चा साइट्स करार, पाणथळींचा १९७१ चा रामसर करार, तिन्हींत भारत आहे. ठाण्याची खाडी २०२२ मध्ये रामसर यादीत गेली. व्हेलचंही तसंच. १९७९ मध्ये सेशेल्स या चिमुकल्या देशाने आग्रह धरला आणि आंतरराष्ट्रीय व्हेल आयोगाने हिंद महासागर शिकारीला बंद केला. मालवणच्या पुढे कधी होडीजवळ व्हेलने फवारा सोडला, तर त्यात त्या ठरावाचा थोडा वाटा आहे असं मी धरून चालतो.

आणि काही गोष्टी गावच्या वहीला उलगडणाऱ्याच नसतात, हेही कबूल करायला हवं. आपल्याकडे गिधाडं दिसेनाशी झाली तेव्हा जुनी माणसं म्हणत, झाडं तोडली म्हणून गेली. खरं कारण सापडलं पाकिस्तानात, पेरेग्रिन फंड या अमेरिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांना, २००४ मध्ये: गुरांना टोचलं जाणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध. ते टोचलेलं जनावर मेल्यावर खाल्लं की गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात. दोन वर्षांत भारताने जनावरांसाठी ते औषध बंद केलं. रायगडच्या डोंगरांत घरट्यांच्या नोंदी कितीही वर्षं ठेवल्या असत्या, तरी हे आम्हाला समजलं नसतं.

आता पैशाची बाजू, कारण तुमचा खरा प्रश्न बहुधा तोच आहे.

२०११ च्या सुमारास सिंधुदुर्गात मोठा प्रकल्प आला. पैसा जीईएफचा म्हणजे जागतिक पर्यावरण सुविधेचा, यंत्रणा यूएनडीपीची म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाची, बरोबर राज्य सरकार. पार्श्वभूमी अशी की मालवणला १९८७ मध्येच २९.१२ चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य जाहीर झालेलं, आणि मच्छीमारांचा त्याला तेव्हापासूनचा विरोध. 'अभयारण्य' हा शब्द काढला की आजही तिथे माणसं चहाचा कप खाली ठेवतात. त्यामुळे या प्रकल्पाने शहाणपणा केला: शब्द बाजूला ठेवून पोटापाण्याला हात घातला. खाडीत कालवं आणि शिनाणे असे शिंपले वाढवणं, पिंजऱ्यात खेकडे, वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बायकांच्या स्वामिनी गटाची कांदळवन सफर. त्या बायका स्वतः होडी वल्हवतात आणि पाहुण्यांना तिवर कुठला, चिपी कुठली ते दाखवतात.

मला त्यातलं सगळ्यात आवडलेलं काम मात्र फोटोत नीट येत नाही, म्हणून त्याचं कौतुकही कमी झालं. ट्रॉलच्या जाळ्याचं शेवटचं टोक, जिथे मासा साठतो, तिथले आस, म्हणजे जाळ्याची भोकं, आपल्याकडे पतंगासारखे तिरपे असतात. ओढ बसली की ते मिटतात, मग बोटाएवढं पिल्लूही सुटत नाही. तोच आस चौकोनी बांधला तर ओढ बसूनही उघडा राहतो आणि बारकं म्हावरं निघून जातं. जाळं तेच, बोट तीच, फक्त दोऱ्याची दिशा बदललेली. पुढच्या वर्षीचा मासा याने वाचतो. पटवून द्यायला मात्र पुष्कळ चहा प्यावा लागला.

आता पैसे परत केल्याची गोष्ट. दुसऱ्या एका योजनेत (नाव घेत नाही) आमच्या गटाला खेकड्यांसाठी मदत मिळाली. बीज तमिळनाडूहून यायचं होतं. ते आलं पावसाच्या तोंडावर, अर्धं वाटेत मेलेलं. उरलेलं खाडीत सोडलं, तर पहिल्याच सरींनी पाणी गोडं झालं. कुर्ली कात टाकली की मऊ पडते आणि शेजारीण तिला खाते. आडोसे पुरेसे ठेवले नव्हते, तीही आमचीच चूक. साहेबांना हवे होते अहवालासाठी फोटो, तेही मार्चअखेर. शेवटी उरलेली रक्कम परत केली, आणि आमच्या गटातल्या एका काकींनी सुनावलं, "पुढच्या वेळेक पैसे घेताना पंचांग बघा." त्या गमतीत बोलल्या, पण आजही कुठलाही प्रस्ताव लिहिताना मी पहिलं भरती-ओहोटीचं आणि पावसाचं कॅलेंडर काढतो. परदेशी आर्थिक वर्ष आणि आपला मृग यांची गाठ क्वचितच पडते.

यादी-करार आणि पैसा यांच्यानंतर तिसरा मार्ग बाजाराचा, आणि तो सगळ्यात कडक. अमेरिकेच्या १९८९ च्या कायद्यात कलम ६०९ आलं: ज्या देशाच्या ट्रॉलरच्या जाळ्यातून कासव सुटायची सोय नाही, त्याची समुद्रातली कोळंबी घ्यायची नाही. सरकारने ते आधी शेजारच्या देशांपुरतंच लावलं. अर्थ आयलंड इन्स्टिट्यूट ही पर्यावरण संस्था कोर्टात गेली, आणि १९९६ पासून ते साऱ्या जगाला लागू झालं. भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड जागतिक व्यापार संघटनेत भांडले. १९९८ च्या निकालात अमेरिकेची वागणूक भेदभावाची ठरली, पण कासवासाठी अट घालणं मुळातच चूक आहे असं काही ठरलं नाही. वागणूक सुधारली, अट राहिली. २०१९ पासून भारताच्या समुद्री कोळंबीला अमेरिकेचं दार बंद झालं. तळ्यातली कोळंबी त्यातून सुटली.

अट आहे ती एका सांगाड्याची. जाळ्याच्या गळ्यात तिरपी गजांची चौकट बसवायची. कोळंबी गजांमधून मागे जाते, कासव गजांवर अडून झडपेतून बाहेर पडतं. कासव फुप्फुसाने श्वास घेतं, तासन्‌तास ओढल्या जाणाऱ्या जाळ्यात ते बुडून मरतं, म्हणून हा खटाटोप. एका तांडेलाला, म्हणजे बोटीच्या म्होरक्याला, मी हे समजावत होतो. तो म्हणाला, "कासवाक सोडूक आमची ना नाय. देवच तो. पण त्येच्या मागसून सुंगटां (कोळंबी) गेली तर डिझेलचे पैसे कोण देतलो?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. राज्याने २०१८ मध्ये निदान एक केलं: संरक्षित जीव सोडवताना जाळं कापावं लागलं तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई. त्यासाठी सुटकेचा फोटो किंवा व्हिडिओ लागतो, तेव्हा गावातल्या खलाशांना आधी फोन काढायला शिकवा.

बिरुदांबद्दल थोडक्यात. पश्चिम घाटाला २०१२ मध्ये युनेस्कोचा वारसा दर्जा मिळाला, ३९ जागांना. महाराष्ट्रातल्या चार, कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी, सगळ्या वर घाटाकडे. खाली कोकणात एकही नाही. मजा म्हणजे सल्लागार आययूसीएनचं मत होतं की प्रस्ताव अजून कच्चा आहे, थांबा. समितीने तरी दर्जा दिला. संस्था आणि सरकारं यांत शेवटचा शब्द कोणाचा, ते यावरून ओळखा. २०२५ मध्ये गुहागर आणि लाडघरच्या किनाऱ्यांना 'ब्लू फ्लॅग' मिळाला. स्वच्छतेला चांगलंच; पण हे पर्यटनाचं मानांकन आहे. त्यापाठोपाठ किनाऱ्यावर दिवे लागले तर पिल्लं समुद्राऐवजी दिव्याकडे सरपटतात. तुमच्या गावात असं काही आलं तर ग्रामसभेत दिव्यांचा विषय तुम्हीच काढा.

मग तुम्ही काय करायचं? सगळ्यात आधी वनविभागाच्या परिक्षेत्र कार्यालयात जा, कासवांची माहिती द्या आणि कासवमित्र म्हणून नाव लावून घ्या. हे उत्साहाच्या आधी हवं. परवानगीशिवाय अंड्यांना हात लावणं गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असो. अंडी हलवायची ठरली तर घातल्यापासून काही तासांत, आणि वरची बाजू वरच ठेवून. उशिरा उलटीसुलटी झाली तर आतला जीव जातो. शिकलेल्या कासवमित्राकडून हे एकदा हाताने करून घ्या, वाचून जमत नाही.

संस्था लगेच नोंदवायची घाई नको. परदेशी पैशाचं स्वप्न असेल तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, वाचून ठेवा. २०१० चा कायदा २०२० मध्ये आणखी आवळला: तीन वर्षं जुनी संस्था हवी, त्या तीन वर्षांत कामावर १५ लाख रुपये खर्च झालेले हवेत, परदेशी रकमेचं खातं स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेत हवं, प्रशासनावर २० टक्क्यांपेक्षा जास्त खर्च नको. आणि मोठ्या संस्थेने परदेशी पैसा घेऊन तुमच्यासारख्या छोट्या गटाला वाटून देणं पूर्ण बंद. ही शेवटची अट किनाऱ्यावरच्या छोट्या गटांना सगळ्यात जास्त लागली. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा पैसा मात्र या कायद्यात 'परदेशी' धरत नाहीत. म्हणून जीईएफची लघु अनुदान योजना किंवा यूएनडीपी आणि कांदळवन प्रतिष्ठान यांच्यामार्फत येणाऱ्या योजना तुमच्या जास्त आवाक्यातल्या. त्या दारावर जाताना हातात वही हवी, तीन-चार हंगामांची. आणि प्रमाणपत्र, आजीव सदस्यत्व, 'ग्रीन अ‍ॅम्बेसिडर' वगैरे देऊन तुमच्याकडूनच पैसे मागणारी जी 'आंतरराष्ट्रीय' मंडळी फोन करतात, त्यांचा नंबर ब्लॉक करून टाका.

राहिली वही. पहाटे, उजेड फुटायच्या जरा आधी निघा. नंतर वारा आणि माणसं माग पुसून टाकतात. तारीख, माग कुठून वर आला आणि कुठे परत गेला, भरतीरेषेपासून घरटं किती पावलांवर, अंडी किती, हलवली का, किती दिवसांनी पिल्लं आली, किती मेली, कशाने. अंडी न घालता परत गेलेल्या मादीचीही नोंद करा. दिवे आणि गलका कुठे आहे ते त्यावरून कळतं. मेलेलं कासव वाहून आलं तर पाठीची लांबी आणि मानेवर-पायांवर दोरीचे वळ आहेत का ते लिहा, फोटोत शेजारी फूटपट्टी ठेवा. काही दिसलं नाही त्या दिवशीही 'माग नाही' एवढं लिहा. कोरी पानं पाहिली की शास्त्रज्ञाला कळत नाही की कासव आलं नाही की तुम्ही झोपला होता.

आणि पेन नको, पेन्सिल घ्या. खारं दव पडलं की शाई पसरते. माझ्या पहिल्या हंगामातली सतरा पानं तशीच निळी झाली आहेत.